ब्रायन विल्सनचे सोलो अल्बम: काय ऐकावं, काय सोडावं

जून 2025 मध्ये ब्रायन विल्सन गेला, वयाच्या 82 व्या वर्षी, आणि तेव्हापासून या सदराकडे त्याच्याबद्दलचे प्रश्न यायचे थांबतच नाहीयेत. गंमत म्हणजे बीच बॉइजबद्दल फारसं कोणी विचारत नाही, सगळ्यांना विचारायचंय ते 1988 पासून त्याने स्वतःच्या नावावर काढलेल्या अल्बमांबद्दल. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नमध्ये वाढलेला मुलगा, 1961 मध्ये दोन सख्खे भाऊ (डेनिस आणि कार्ल), एक आतेभाऊ आणि एक मित्र (अल जार्डिन) यांच्यासोबत बीच बॉइज हा बँड, 1966 चा 'पेट साउंड्स', त्याच्या पाठोपाठ सुरू केलेला आणि 1967 मध्ये अर्धवट टाकून दिलेला 'स्माइल', मग बरीच वर्षं ड्रग्ज, आजारपण, खोलीचं दार बंद. आणि त्यानंतर हे सोलो प्रकरण.

प्रश्न: 'पेट साउंड्स' ऐकून वेडा झालोय. पुढे काय ऐकू? मित्र म्हणतो 1967 नंतरचं काही ऐकायच्या लायकीचं नाही, सोलो तर नकोच.

मित्राला सांगा निम्मं बरोबर बोललास. सोलो अल्बमांत भरताड पुष्कळ आहे, कॅसेटच्या जमान्यापासून मी याला ऐकतोय त्यामुळे ते नाकारणार नाही. पण उरलेलं निम्मं सोडून दिलं तर तुमचंच नुकसान.

सुरुवात 2008 च्या 'दॅट लकी ओल्ड सन'पासून करा. 2004 मध्ये त्याने शेवटी पुऱ्या केलेल्या 'स्माइल'पासून नको, कारण त्याच्याभोवती इतकी दंतकथा जमलीय की पहिल्यांदा ऐकणारा गाणं ऐकायच्या ऐवजी दंतकथाच ऐकत बसतो. 'लकी ओल्ड सन' लंडनच्या साउथबँक सेंटरने करून घेतला, 2007 मध्ये तिथल्याच रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवला गेला आणि पुढच्या वर्षी अल्बम आला. लॉस एंजेलिसमधला एक दिवस आहे, गाणी एकमेकांत मिसळत जातात, मधेमधे 'स्माइल'चा गीतकार व्हॅन डाइक पार्क्सने लिहिलेली निवेदनं आहेत जी मला थोडी जड वाटतात, तुम्हाला कदाचित आवडतील. पण शेवटाकडे 'मिडनाइट्स अनदर डे' येतं आणि तिथे कळतं की 'पेट साउंड्स'वाला माणूस अजून आत आहे. नुसता पियानो आणि घोगरा आवाज, मग हळूहळू बाकीचे आवाज वर चढत येतात. शब्द स्कॉट बेनेटचे, जो त्याच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. आणि 'गोइंग होम'मध्ये तर पंचविशीत आपणच दिवा मालवला हे ब्रायन सरळ गाऊन मोकळा होतो, तेही उड्या मारणाऱ्या चालीत.

आता एक सवय लावून घ्या. ब्रायनचा कुठलाही सोलो अल्बम लावायच्या आधी त्याच्या शेजारी कोण बसलं होतं ते बघा. माझं मत असंय की चाली सुचणं त्याला शेवटपर्यंत कधी बंद झालंच नाही, बंद झालं ते हाती घेतलेलं काम एकट्याने तडीला नेणं. 1966 मध्ये तो हॅल ब्लेन, कॅरोल के असल्या कसलेल्या वादकांना प्रत्येकाने काय वाजवायचं ते तोंडाने गाऊन दाखवायचा आणि ते निमूट वाजवायचे. ती हुकमत गेली ती परत आली नाही. त्यामुळे नंतर प्रत्येक वेळी काम पुरं करायला कोणीतरी दुसरा लागला, आणि तो दुसरा जर ब्रायनचा तिरपागडेपणा तसाच राहू देणारा असेल तर अल्बम जमला, आणि त्याच्यावर इस्त्री फिरवणारा असेल तर गेला कामातून. बाकीची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

प्रश्न: 1988 चा पहिला अल्बम सगळे क्लासिक म्हणतात. मी लावला तर ऐंशीच्या दशकातला टिपिकल खणखणाट. मला काय ऐकू येत नाहीये?

तुम्हाला बरोबरच ऐकू येतंय. मशीनचे ड्रम, काचेसारखे सिंथ, प्रत्येक गोष्टीवर नको इतका प्रतिध्वनी, 1988 मध्ये महागडा अल्बम असाच वाजायचा. पण त्याच्या खालच्या चाली ऐका. 'लव्ह अँड मर्सी', 'मेल्ट अवे', 'देअर्स सो मेनी', आणि 'वन फॉर द बॉइज' ज्यात वाद्यं नाहीतच, नुसते गळे. 'मेल्ट अवे' तर मी 'पेट साउंड्स'मधल्या कुठल्याही गाण्याशेजारी बिनधास्त ठेवीन.

त्यावेळी शेजारी कोण, तर गर्दीच होती. युजीन लँडी हा मानसशास्त्रज्ञ, ज्याने ब्रायनला चोवीस तास देखरेखीखाली ठेवून अंथरुणातून उठवलं, वजन उतरवलं हे खरं, पण मग त्याच्या आयुष्याचा ताबाच घेतला आणि शेवटी गाण्यांच्या श्रेयातही स्वतःचं नि आपल्या मैत्रिणीचं नाव घातलं. पुढच्या आवृत्तीत ती नावं काढून टाकली गेली. लँडीला 1989 मध्ये कॅलिफोर्नियातलं लायसन्स सोडावं लागलं आणि नंतर कोर्टाने त्याला ब्रायनपासून लांब राहायचा आदेश दिला. दुसऱ्या बाजूला संगीतकार अँडी पेली होता, जो ब्रायनसारखाच जुन्या रेकॉर्डांचा वेडा, आणि रेकॉर्ड कंपनीचे लेनी वॉरोंकर, ज्यांनी आग्रह धरला की बाबा रे, जुन्या दिवसांसारखी तुकड्या-तुकड्यांची एक मोठी रचना कर. त्यातून 'रिओ ग्रांदे' आलं, आठ मिनिटांच्या वरचं. नदी, वाळवंट, पाऊस, सगळं एका गाण्यात. म्हणजे एकाच अल्बममध्ये दोन तऱ्हेची माणसं त्याला दोन्ही हातांना धरून ओढतायत आणि ते ऐकू येतं.

दैव बघा, त्याच 1988 च्या नोव्हेंबरमध्ये बीच बॉइजचं 'कोकोमो' अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. ब्रायनशिवाय. आणि ब्रायनचा अल्बम पहिल्या पन्नासातही आला नाही.

प्रश्न: 'स्वीट इन्सॅनिटी' नावाचा अल्बम कुठेच सापडत नाही. खरंच आहे का?

आहे, बूटलेगवर, म्हणजे चोरून निघालेल्या प्रतींवर. लँडीच्या काळातलाच दुसरा अल्बम, कंपनीने ऐकला आणि चक्क परत पाठवला. त्यात ब्रायन रॅप करतो, खोटं नाही सांगत, बीच बॉइजच्या जुन्या गाण्यांचे तुकडे लावून त्यावर. एकदा कुतूहल म्हणून ऐका. त्यातली काही बरी गाणी पुढे 2004 मध्ये नव्याने रेकॉर्ड झाली, फार सुधारली असं नाही.

प्रश्न: मला 'इमॅजिनेशन' (1998) मनापासून आवडतो. फॅन लोक त्याला इतकं का झोडतात?

आवडतो तर आवडतो हो, त्यात लाजायचं काय. चाली चांगल्या आहेत आणि हार्मनी तर फारच गोड, पन्नाशीतल्या ब्रायनने स्वतःचाच आवाज थरांवर थर देऊन गायलाय. 'युअर इमॅजिनेशन' रेडिओवर लागलं तर मी अजूनही आवाज वाढवतो.

झोडतात ते सहनिर्माता जो थॉमसमुळे. अल्बम झाला तो स्टुडिओ इलिनॉयमधल्या सेंट चार्ल्सला होता, आणि थॉमसची आवड म्हणजे अगदी गुळगुळीत, हॉटेलच्या लॉबीत चालेल असा आवाज. मऊ गिटार, मऊ ड्रम, कुठे काही टोचणार नाही याची काळजी. ब्रायनच्या गाण्यात तर टोचणंच महत्त्वाचं, कुठेतरी एखादं वाद्य असं येतं की तुम्ही दचकता. 'पेट साउंड्स'मध्ये सायकलची घंटी आहे, शेवटी कुत्री भुंकतायत! 'इमॅजिनेशन'मध्ये कुत्रं आलं असतं तर आधी त्याला आंघोळ घातली असती.

'ले डाउन बर्डन' मात्र मला यातून बाहेर काढावंसं वाटतं. धाकटा भाऊ कार्ल फेब्रुवारी 1998 मध्ये कॅन्सरने गेला, अल्बम जूनमध्ये आला, आणि हे गाणं कार्लला वाहिलेलं. पॉलिश तेच आहे तरी त्याच्या खालचं दुःख झाकलं गेलेलं नाही. पुढे ब्रायन आणि थॉमस यांच्यात कोर्टबाजी झाली, मिटली, आणि 2012 मध्ये बीच बॉइजच्या पन्नाशीच्या अल्बमला पुन्हा दोघं एकत्र! त्या अल्बमचा शेवटचा भाग, 'फ्रॉम देअर टू बॅक अगेन'पासून 'समर्स गॉन'पर्यंत, सोलोत मोजायला परवानगी असती तर मी पहिल्या पाचात घेतला असता. म्हणजे थॉमसला सरसकट शिव्या घालणंही बरोबर नाही.

खरी हळहळ वाटते ती 'इमॅजिनेशन'च्या आधीच्या दोन-तीन वर्षांची. लँडी दूर झालेला, ब्रायन मोकळा, आणि अँडी पेलीबरोबर त्याने गाण्यांमागून गाणी केली, खरबरीत, जोरकस, विनोदी. रॉक अँड रोल म्हणतात ना, तेच. ती त्यावेळी धड बाहेर आलीच नाहीत. 'सोल सर्चिन' हे त्यातलंच, मुख्य आवाज कार्लचा, आणि लोकांच्या हातात पडलं ते 2004 मध्ये, कार्ल जाऊन सहा वर्षं झाल्यावर. ही गाणी 1996 मध्ये अल्बम म्हणून आली असती तर तुमच्या मित्राला तोंड उघडायला जागा राहिली नसती.

प्रश्न: 'स्माइल' 2004 चा ऐकावा की 2011 मध्ये निघालेला मूळ 'स्माइल सेशन्स'? आणि 37 वर्षांनी पुन्हा वाजवलेली जुनी गाणी सोलो करिअरमध्ये धरायची का?

दोन्ही ऐका पण आधी 2004. सांगतो का ते.

1966-67 मध्ये ब्रायन आणि व्हॅन डाइक पार्क्स जे करत होते तो अल्बम नव्हताच मुळी, तो सुट्या तुकड्यांचा ढीग होता. इथे आठ मात्रा, तिथे अर्धं मिनिट, आणि ते कुठल्या क्रमाने जोडायचे ते ब्रायनच्या डोक्यात, आणि डोकं तर दिवसेंदिवस बिघडत चाललेलं. आगीवरच्या तुकड्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, नोव्हेंबर 1966 मध्ये त्याने वादकांना फायरमनच्या खेळण्यातल्या टोप्या घालायला लावल्या आणि नंतर त्याला वाटायला लागलं की आपल्या संगीतामुळेच आसपास आगी लागतायत. पुढच्या वर्षी सगळंच गुंडाळलं. घाईघाईत 'स्माइली स्माइल' आला, तो वेगळाच प्रकार.

2003 मध्ये त्याच्या बँडमधला दारियन सहानजा ते सगळे तुकडे लॅपटॉपवर घेऊन ब्रायनच्या घरी गेला. हे लक्षात घ्या, दारियन हा स्वतः कडवा फॅन, वंडरमिंट्स या बँडमधला, त्याला प्रत्येक तुकडा पाठ. तरी त्याने 'हे असं असायला हवं' म्हणून काही लादलं नाही, तुकडे वाजवायचे आणि ब्रायनला विचारायचं, हा कशाच्या शेजारी जातो. अडलं तिथे पार्क्सला फोन केला गेला, तो आला, राहिलेले शब्द त्याने भरले. तीन भागांत सगळं बसलं आणि 20 फेब्रुवारी 2004 ला लंडनमध्ये पहिला प्रयोग झाला, ब्रायन तेव्हा 61 वर्षांचा. सप्टेंबरमध्ये अल्बम आला, अमेरिकेत तेराव्या नंबरपर्यंत चढला. आणि त्या आगीच्या तुकड्याला, ज्याला तो इतकी वर्षं घाबरत होता, त्याच 'मिसेस ओ'लिअरीज काउ'ला ग्रॅमी मिळालं. त्याचं आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी, वाद्यसंगीताचं! शब्द नसलेल्या तुकड्याला!

आता 2011 चा. आवाज अर्थातच त्यातलाच चांगला, चोविशीतला ब्रायन, कार्ल, डेनिस, सगळे ऐन भरात. पण त्या संचात गाणी ज्या क्रमाने लावली आहेत तो क्रम कुठून आला? 2004 मधूनच. म्हणजे मूळ चीज जोडायला नक्कल लागली. म्हणून सोलोत धरायची का या प्रश्नाला माझं उत्तर ठाम हो आहे. तुकडे 1966 चे असतील, पण काम पुरं झालं ते 2004 मध्ये, आणि त्याच्या आयुष्यात जे त्याला कधी जमत नव्हतं ते नेमकं हेच होतं. 'गुड व्हायब्रेशन्स'ला सुद्धा त्याने इथे गीतकार टोनी अ‍ॅशरचे आधीचे शब्द परत घेतले, सगळ्या जगाला पाठ असलेले शब्द बाजूला ठेवून. मला ते तितके आवडत नाहीत, पण हिंमत बघा.

आणि आता याच वर्षातली दुसरी बाजू. 'स्माइल'च्या तीनच महिने आधी, जून 2004 मध्ये, ब्रायनचा 'गेटिन इन ओव्हर माय हेड' आला होता. कव्हर चित्रकार पीटर ब्लेकचं, पाहुणे पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, एरिक क्लॅप्टन. तो कोणाला आठवतो? तोच माणूस, तेच वर्ष, आणि फरक इतका की एका ठिकाणी शेजारी बसलेला माणूस विचारत होता तुला काय हवंय, आणि दुसऱ्या ठिकाणी मोठी नावं येऊन आपापला भाग गाऊन जात होती.

प्रश्न: काका, नंतरच्या गाण्यांत तो ओरडल्यासारखा का गातो? सुरात पण नसतो कधी कधी. तो पातळ उंच आवाज कुठे गेला?

गेला रे बाबा, सत्तरच्या दशकातच गेला. सिगारेट, कोकेन आणि वर्षानुवर्षं गळ्याकडे दुर्लक्ष. 1976-77 च्या रेकॉर्ड ऐकल्यास तर हा तोच माणूस आहे यावर विश्वास बसणार नाही. स्टेजवर वरचे सूर लावायला जेफ्री फॉस्केट असायचा, पुढे अल जार्डिनचा मुलगा मॅट. त्यात ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच यायचं नाही, लहानपणापासून.

पण तुला एक अल्बम सांगतो जो तांत्रिकदृष्ट्या सोलो नाही, 1977 चा 'द बीच बॉइज लव्ह यू'. जवळपास सगळी गाणी त्याची, बरीचशी वाद्यं त्याने एकट्याने वाजवलेली, जाडेभरडे सिंथ, आणि विषय काय तर टीव्हीवरचा जॉनी कार्सन आणि सूर्यमालेतले ग्रह. आवाज फाटलेला. पहिल्यांदा ऐकून हसू येईल, मग एक दिवस कळेल की इतकं उघडं गाणं फार कमी लोक गातात. त्याचा फाटका आवाज जिथे तसाच ठेवलाय तिथे तो चालतो. जिथे ऑटोट्यून लावून सरळ केलाय, म्हणजे 2015 चा 'नो पियर प्रेशर', तिथे तो कोणाचाच आवाज राहत नाही. त्या अल्बमवर तरुण पाहुण्यांची रांग आहे, केसी मस्ग्रेव्हज वगैरे, आणि 'रनअवे डान्सर' नावाचं एक डिस्को गाणं आहे जे मी पुढे ढकलतो. 'द लास्ट साँग' ऐक, ते चांगलंय.

प्रश्न: ख्रिसमस अल्बम आणि डिस्नेचा अल्बम घ्यावा का?

नको. (ख्रिसमसचा 2005, डिस्नेचा 2011. वाजवलंय छान, त्याच बँडने, पण ब्रायन तिथे आहे आणि नाहीही.)

प्रश्न: मग गर्शविनचा अल्बम (2010) पण त्याच रांगेतला ना? दुसऱ्याची गाणी, प्रोजेक्ट टाइप?

दिसतो तसा, आहे वेगळा. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्शविनचं 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' हे ब्रायनचं अगदी लहानपणीचं वेड, त्यामुळे इथे त्याला कोणी कामाला लावलंय असं वाटत नाही. अल्बम सुरू होतो आणि संपतो ते त्याच ऱ्हॅप्सडीच्या छोट्याशा तुकड्याने, नुसत्या गळ्यांनी गायलेल्या. आणि गर्शविन यांच्या वारसांनी त्याला अर्धवट राहिलेल्या चाली उघडून दिल्या, त्यातल्या दोन त्याने पुऱ्या केल्या. ज्याच्या स्वतःच्या चाली इतकी वर्षं अर्धवट पडून होत्या तो दुसऱ्याच्या पुऱ्या करतोय, मला हे फार आवडतं. मधली काही गाणी मात्र नुसती सभ्य.

याच्या उलट प्रकार 1995 चा 'ऑरेंज क्रेट आर्ट'. तिथे गाणी व्हॅन डाइक पार्क्सची आणि ब्रायन फक्त गातो. आपण इथे कशाला आलोय हे त्याला स्वतःलाच नीट कळत नव्हतं म्हणतात. सुंदर आहे पण तो पार्क्सचा अल्बम, ब्रायनच्या खात्यात टाकू नका. त्याच वर्षी डॉन वॉजच्या डॉक्युमेंटरीसाठी त्याने जुनी गाणी साधेपणाने पुन्हा गायली तो छोटा अल्बम मात्र जरूर ऐका.

प्रश्न: शेवटच्या वर्षांतले व्हिडिओ बघवत नाहीत. पियानोसमोर शून्यात बघत बसलेला म्हातारा माणूस. त्याला पैशासाठी स्टेजवर बसवत होते का? मग आपण ते ऐकणंही चूकच ना?

या प्रश्नावर मी बराच विचार केलाय. त्याला स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर हा मानसिक आजार होता, विशीपासून कानात आवाज यायचे, धमक्या देणारे, आणि हे त्याने मुलाखतींत स्वतः सांगितलंय. डिसेंबर 1964 मध्ये ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात तो कोसळला आणि त्यानंतर टूरवर जाणंच सोडलं. असा माणूस 1999 पासून पुन्हा टूर करायला लागतो, यावर संशय येणं साहजिक आहे.

पण लँडीचा काळ आणि नंतरचा काळ यांची सरमिसळ करू नका. लँडीने त्याला घरच्यांपासून तोडलं होतं, कोर्टाला मधे पडावं लागलं. नंतर बायको मेलिंडा होती, बँडमध्ये त्याला जीव लावणारी माणसं होती, आणि 2002 चं लंडनमधलं 'पेट साउंड्स लाइव्ह' ऐकलंत तर तो बळजबरीने आलेला माणूस वाटत नाही, तो मजा घेतोय, बँडला चिडवतोय, लोकांना उभं राहायला लावतोय. 2004 मध्ये 'स्माइल' संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या थांबवेनात, ते त्याला हवंच होतं. दुसरीकडे 2017-18 नंतरचे कार्यक्रम मला पटत नाहीत. पाठीचं दुखणं, थकवा, एकेका गाण्यात दोन ओळी म्हणून गप्प. शेवटची टूर 2022 मध्ये झाली, ती आधीच थांबायला हवी होती असं मी स्पष्ट म्हणेन. जानेवारी 2024 मध्ये मेलिंडा गेली आणि त्याच वर्षी कोर्टाने त्याच्यासाठी पालक नेमले. म्हणून मी शेवटचे व्हिडिओ बघत नाही, अल्बम मात्र ऐकतो, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही.

प्रश्न: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही फॅन लोक त्याचं कौतुक दयेपोटी करता. मॅकार्टनीच्या सोलोसमोर हे सगळं मिळून चार गाणीही टिकणार नाहीत.

राग कसला! दयेचा भाग आहेच, निदान 'नो पियर प्रेशर'ला चार-चार स्टार देणाऱ्यांच्या बाबतीत तरी. मी सवलत देत नाही. पूर्ण अल्बम म्हणून मी तीनच मोजतो, 1988 चा, 'स्माइल' आणि 'लकी ओल्ड सन', आणि गर्शविनला अर्धा. इतक्या वर्षांत साडेतीन, हा काही चांगला हिशोब नव्हे.

पण मॅकार्टनीशी तुलना मला उगाच वाटते, जरी दोघांच्या वाढदिवसांत दोनच दिवसांचं अंतर आहे, 18 आणि 20 जून 1942. पॉल बीटल्स फुटायच्या सुमारासच घरी बसून सगळी वाद्यं स्वतः वाजवून अल्बम काढून मोकळा झाला, आणि मग थांबलाच नाही. त्याचं अडतं कुठे, तर नको ते पण पुरं करतो. ब्रायनचं उलट. तो सुरुवातीचे सोळा सूर असे देतो की पुढचं सगळं त्यातच दडलेलं असतं, आणि मग खोलीतून उठून जातो. दोघं 2004 मध्ये एकत्र गायले ते 'अ फ्रेंड लाइक यू' दोघांच्याही कामात शेवटच्या पानावर टाकण्यासारखं आहे, तिथे तुमचं आणि माझं जमेल. चार गाणी मात्र टिकतील हो. 'मेल्ट अवे', 'लव्ह अँड मर्सी', 'मिडनाइट्स अनदर डे', 'ले डाउन बर्डन'. झाली चार. 'रिओ ग्रांदे' वर ठेवा.

आणि बीच बॉइजमधल्या कोणाचा सगळ्यात चांगला सोलो अल्बम असं विचारलं असतंत तर मी ब्रायनचं नाव घेतलंच नसतं, डेनिसचा 1977 चा 'पॅसिफिक ओशन ब्लू' सांगितला असता. मधला भाऊ, ड्रम वाजवणारा, ज्याच्याकडून कोणाला अपेक्षाच नव्हती. पण तो स्वतंत्र विषय.

प्रश्न: ब्रायनला एका कानाने ऐकू यायचं नाही म्हणून 'पेट साउंड्स' मोनो, हे वाचलंय. मग सोलो अल्बम स्टीरिओ कसे? हेडफोनवर मोनो करून ऐकावेत का?

छान प्रश्न. साठच्या दशकात मिक्सिंगचा शेवटचा शब्द त्याचा असायचा आणि त्याला मोनोच, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच आवाज, नीट ऐकू यायचं, शिवाय त्याचा आदर्श निर्माता फिल स्पेक्टर, तोही मोनोवाला. 'पेट साउंड्स'चं खरंखुरं स्टीरिओ मिक्स निघालं ते 1997 च्या बॉक्स सेटमध्ये, मार्क लिनेटने केलेलं. आणि हाच लिनेट 1988 च्या अल्बमचा आणि 2004 च्या 'स्माइल'चा इंजिनिअर. म्हणजे या दोन्ही ठिकाणी डावं-उजवं जे ऐकू येतं ते अशा माणसाच्या कानाने ठरलंय ज्याला ब्रायनचे जुने टेप आतून-बाहेरून माहीत होते. हे दोन मोनो करू नका, 'स्माइल'मध्ये तर वरच्या आवाजांची सगळी मजा पसरण्यात आहे. 1988 चा मात्र स्पीकरवर, थोडा लांब बसून ऐका, तो खणखणाट बराच कमी होतो. 'इमॅजिनेशन' मोनो करून बघा हवं तर, त्याला तेवढाच खरबरीतपणा येईल.